घर्र... घर्र... गाडी उठेना!

बालमित्रांनो, गाडी सुरू होतानाचा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? चावी फिरवली की आधी 'खट्' असा बारीकसा आवाज येतो. मग 'घर्रघर्रघर्र' असे भराभर काहीतरी फिरते आणि पाठोपाठ इंजिन 'भुर्रऽऽ' करून उठते. हे सगळे होते एक-दोन सेकंदांत. पण कधी कधी, विशेषतः थंडीच्या सकाळी, आवाज निराळा येतो. 'घर्रऽऽ... घर्रऽऽऽ... घर्...' एखादा म्हातारा माणूस कण्हत खाटेवरून उठतो ना, तसा. मग ड्रायव्हर कपाळाला आठ्या घालतो आणि मागे वळून म्हणतो, "उतरा रे पोरांनो, धक्का मारा!"

त्या दोन आवाजांमध्ये काय फरक आहे, हे आज आपण पाहू. विषय यंत्राचा आहे म्हणून घाबरू नका. पाढे आणि भागाकार येतो ना? तेवढे पुरे.

आधी एक प्रश्न. पंखा बटण दाबले की फिरतो. मग इंजिन का नाही फिरत? त्याचे कारण असे, की इंजिनाला पहिला घास दुसऱ्याने भरवावा लागतो. हवा आत घ्यायची, ती दाबायची आणि मगच आत इंधन पेटायचे, असा त्याचा क्रम. हवा ओढायला आणि दाबायला दट्ट्या हलायला हवा, आणि दट्ट्या हलायला इंजिन फिरायला हवे. म्हणजे फिरल्याशिवाय पेटत नाही आणि पेटल्याशिवाय स्वतःहून फिरत नाही! ही अडवणूक सोडवायला बाहेरून कोणीतरी इंजिनाला चार गरके द्यावे लागतात.

तुमच्या आजोबांना विचारा. विहिरीवर विजेचे पंप येण्याआधी आपल्या मोताळा तालुक्यात डिझेलची इंजिने असायची. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली, आणि तिची इंजिने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मळ्यांत पोचली. ती सुरू करायला हँडल मारावे लागे. एका हाताने वरची कळ उचलून धरायची, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही आणि फिरवायला हलके जाते. दुसऱ्या हाताने हँडल जोरात फिरवायचे. जड चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. मग 'टुक... टुक... टुकटुकटुक' सुरू! पण इंजिन कधी उलटा झटका देई. म्हणून जुने लोक हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला सांगत. अंगठा दुसऱ्या बाजूने वळवला आणि झटका बसला, तर मनगट गेलेच म्हणून समजा.

मोटारगाड्यांचेही सुरुवातीला असेच होते. पुढे उभे राहून हँडल मारायचे आणि हातपाय जपायचे. हा त्रास संपवला तो अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. आम्हा शिक्षकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे गृहस्थ तरुणपणी एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होते. पुढे ते इंजिनिअर झाले आणि दुकानातल्या पैसे मोजायच्या यंत्राला त्यांनी विजेची मोटर बसवली. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच चालते. मग तिला दिवसभर चालणाऱ्या मोटरीएवढी मोठी कशाला करायची? क्षणभर तिच्याकडून दांडगे काम करून घ्यायचे आणि लगेच विश्रांती द्यायची. हीच युक्ती त्यांनी मोटारगाडीला लावली. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये असा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारणे हळूहळू मागे पडले. आपल्याकडे या स्टार्टरला सगळे 'सेल्फ' म्हणतात. 'सेल्फ मार' म्हणजे चावी फिरव!

हा सेल्फ म्हणजे इंजिनाच्या कुशीत बसवलेली एक छोटी पण ताकदवान मोटर. तिच्या टोकाला छोटे दातेरी चाक असते. इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या कडेलाही दाते असतात. समजा, छोट्याला १० दाते आहेत आणि मोठ्याला १३०. मग छोटे चाक १३ वेळा फिरेल तेव्हा मोठे एकदा फिरेल. इंजिन मिनिटाला २०० वेळा फिरवायचे तर छोट्याला २६०० गरके घ्यावे लागतील. एवढे काम करताना सेल्फ बॅटरीकडून दोनशेच्या आसपास अँपिअर वीज ओढतो. दोनशे अँपिअर म्हणजे किती? गाडीचे पुढचे दोन्ही दिवे मिळून साधारण १० अँपिअर घेतात. म्हणजे वीसपट! घरातल्या दोन इस्त्र्या एकदम लावल्यावर जेवढी शक्ती खर्च होते, तेवढी शक्ती ती टेबलावरच्या कंपासपेटीहून थोडी मोठी असलेली मोटर काही सेकंद वापरते. म्हणून सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. थांबावे, त्याला थंड होऊ द्यावे.

आता आमच्या जीपची गोष्ट सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळा मोताळ्यापासून आत आहे आणि एस.टी. वेळेवर येईलच असे नाही. त्यामुळे मुलांचा सगळा भरवसा एका जुन्या डिझेल जीपवर. शिष्यवृत्ती परीक्षा असो, नाहीतर तालुक्याला खेळाचे सामने, जीपवाले काका आम्हाला घेऊन जातात आणि रात्र झाली तरी प्रत्येकाला दारापर्यंत सोडतात. त्या वर्षी हिवाळ्यात जीप रोज सकाळी कण्हू लागली. काका घरासमोरच्या उतारावर ती उभी करत. उतारावर ढकलून सोडायची, वेग आला की गिअर टाकायचा. पण परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती, आणि केंद्राजवळ कुठला आला उतार?

काका म्हणाले, "सर, गाडी बुढी झाली आता. मले वाटते बॅटरीच गेली. नवी घ्याची तं चार-पाच हजार लागते. त्यापेक्षा विकूनच टाकतो."

पारावर बसलेल्यांनीही आपापली औषधे सांगितली. एक म्हणाला, मोठी बॅटरी टाका. दुसरा म्हणाला, सेल्फच बदला. तिसऱ्याने इंजिनाचे काम सांगून पंचवीस हजारांचा आकडा काढला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र परीक्षेला बसणारी सात मुले होती. जीप गेली तर यांना न्यायचे कोणी?

रविवारी काका आणि मी मोताळ्याला एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. शिष्यवृत्तीचे फॉर्म पोचवायचे होते म्हणून पाचवीतली एक मुलगी आणि तिचे वडीलही सोबत होते. इलेक्ट्रिशियनदादांनी पान्हा हातात घेतलाच नाही. त्यांनी डब्यातून मीटर काढला, ज्याला मल्टिमीटर म्हणतात तो. आधी बॅटरीच्या दोन टोकांना लावला. १२.६ व्होल्ट. "बॅटरी भरलेली आहे," ते म्हणाले. मग काकांना सेल्फ मारायला सांगितला. 'घर्रऽऽ... घर्रऽऽ...' मीटरवर आकडा उतरला तो १०.६ वर थांबला. "हे पण ठीक. बॅटरी मेलेली असती तर आकडा पार खाली गेला असता." मग त्यांनी मीटर सेल्फवरच लावला आणि पुन्हा चावी फिरवायला सांगितली. या वेळी आकडा आला साडेआठ.

मुलगी पटकन म्हणाली, "काका, निघाले साडेदहाच्या वर आणि पोचले साडेआठ. मग मधले दोन कुठे गेले?"

दादा हसले. "अगं, हाच तर प्रश्न आहे. आता चोर शोधू."

वाट दोन बाजूंची असते, हे ध्यानात घ्या. वीज बॅटरीच्या अधिक टोकाकडून जाड वायरने सेल्फकडे जाते, ही जाण्याची वाट. पण तिला परतही यावे लागते! येताना ती इंजिनाच्या लोखंडातून, गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीच्या उणे टोकाकडे येते. दादांनी जाण्याची वाट मोजली. तिथे जेमतेम ०.३ व्होल्टची गळती होती. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला आणि दुसरे इंजिनाच्या अंगाला टेकवले. चावी फिरताच आकडा आला १.८. चोर सापडला! तिथे दोन-तीन दशांशाच्या वर आकडा यायला नको होता.

गाडीखाली पाहिल्यावर उलगडा झाला. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते, म्हणजे धक्के कमी बसतात. पण रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. आमच्या पट्टीच्या निम्म्या तारा तुटल्या होत्या आणि बोल्टाखाली गंजाचा जाड थर होता. दोनशे अँपिअरची सगळी गर्दी त्या उरल्यासुरल्या तारांतून परतत होती. दादांनी पट्टीच्या टोकाला बोट लावायला सांगितले. ते चांगलेच गरम झाले होते. जी शक्ती इंजिन फिरवायला जायची, ती तिथे नुसती तापण्यात वाया जात होती.

काका म्हणाले, "पण लाईट तं फक्क लागते ना! मग वायर खराब कशी?"

याचे उत्तर तुम्हीच शोधू शकता. शाळेचे फाटक डोळ्यांपुढे आणा. फाटक अर्धेच उघडते आहे. मधल्या सुट्टीत दहा मुले बाहेर गेली, तर कोणाला अडचण होते का? नाही. पण संध्याकाळी घंटा झाली आणि दोनशे मुले एकदम निघाली की तिथेच रेटारेटी! दिवे म्हणजे दहा मुले, सेल्फ म्हणजे दोनशे. हिशेबच करायचा तर अँपिअर गुणिले अडथळा म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. आमच्या पट्टीचा अडथळा होता ०.००९ ओहम. दहाने गुणा, ०.०९ आले. एवढ्याने दिवा मंद झालेला डोळ्यांना कळतही नाही. आता दोनशेने गुणा. १.८ आले की नाही? पुढे वरच्या वर्गात हा ओहमचा नियम तुम्हाला भेटला की आमच्या जीपची आठवण काढा.

दादांनी नवी पट्टी बसवली, बोल्टाखालचा गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केले, बॅटरीच्या टोकांवर चढलेला पांढरा-हिरवट खारही काढला. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत. पुन्हा मीटर लावला तर १.८ च्या जागी ०.२. काकांनी चावी फिरवली. 'घर्रघर्रघर्र-भुर्रऽऽ!' जीप लगेच उठली. काका चावी हातात धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "बुढी नाही झाली माझी गाडी!"

डिझेलच्या गाडीला हे दुखणे जास्त का जाणवते, तेही सांगतो. तिच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसेच. पण इंजिन हळू फिरले तर तापलेली हवा पेटण्याआधीच थंडगार लोखंडाला आपली ऊब देऊन टाकते. त्यात हिवाळ्यात इंजिनातले तेल घट्ट होते आणि बॅटरीचाही जोर उतरतो. म्हणून जी गाडी मे महिन्यात कशीबशी उठते, तीच डिसेंबरात रुसते.

सोमवारी वर्गात मी ही सगळी हकिकत सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. विचारणाऱ्याच्या वहीच्या कव्हरवर लाल रंगाच्या स्पोर्ट्स कारचे चित्र होते. "सर, अशा गाडीलाही धक्का मारावा लागतो का?"

प्रश्न फार छान होता. फ्रान्समध्ये ल मां या गावी १९२३ पासून २४ तासांची मोटारशर्यत होते. १९६९ पर्यंत तिची सुरुवात मजेशीर असे. गाड्या रस्त्याच्या एका कडेला तिरप्या उभ्या आणि ड्रायव्हर समोरच्या कडेला. इशारा झाला की सगळे पळत यायचे, उडी मारून आत बसायचे आणि सेल्फ मारायचा! ज्याची गाडी कण्हत बसली, त्याच्या पुढून सगळे निघून जात. फॉर्म्युला वनच्या गाड्यांचे तर आणखी नवल. वजन वाचवण्यासाठी त्यांच्यात कित्येक वर्षे सेल्फच नसे. मेकॅनिक मागून बाहेरचा स्टार्टर लावून इंजिन फिरवत. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटर धावणारी गाडी, पण उठायला तिलाही दुसऱ्याचा हात लागे! मुले हसली, पण मला वाटते आपल्या म्हाताऱ्या जीपबद्दल त्यांना थोडे बरेही वाटले असावे.

आपल्या शेजारी गोव्यातही १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनू लागली होती. अंग फायबरचे आणि इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसीचे. अशा गाड्या बुटक्या असतात आणि इंजिन दाटीवाटीने बसवलेले असते. पुष्कळ जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सेल्फ धूर जाण्याच्या लालबुंद नळीला खेटून असतो. शंभर अंशांनी तापले की तांब्याचा विजेला होणारा अडथळा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणून त्या गाड्या सकाळी झटकन उठतात, पण लांब पल्ला मारून चहाला थांबल्या की पुन्हा उठताना कुरकुरतात. त्यांचे हौशी मालक मग जुना सेल्फ काढून 'गिअर रिडक्शन'चा नवा सेल्फ बसवतात.

त्याची करामत काय? राजूरच्या घाटात साधी सायकल चढवून पाहा. मांड्या भरून येतात, पायडल सरकत नाही. पण गिअरची सायकल असेल तर हलका गिअर टाकतो, पाय भराभर मारतो आणि सायकल चढते. ताकद तीच, पाय मात्र जास्त वेळा फिरवले. नव्या सेल्फच्या पोटात असाच गिअर असतो. समजा चारास एक. टोकाचे छोटे चाक २६०० वेळा फिरवायला आतली मोटर १०४०० वेळा फिरते. भराभर फिरणारी मोटर आकाराने लहान चालते, वीज कमी ओढते आणि सगळा सेल्फ जुन्याच्या निम्म्याच वजनाचा होऊ शकतो. छोटा असल्यामुळे तो गरम नळीपासून जरा दूरही बसवता येतो.

आमच्या जीपला पुढे दोन वर्षांनी असाच सेल्फ बसला. जुन्याचे आर्मेचर जळाले, तेव्हा काकांनी दादांच्या सल्ल्याने गिअरवाला घेतला. घेताना दात्यांची संख्या, बोल्टाची भोके आणि फिरण्याची दिशा जुळवून पाहिली. आता बिचारी जीप सकाळी सर्वांत आधी उठते. पण दादांचे एक वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते म्हणाले, "हाच सेल्फ तुम्ही त्या गंजलेल्या पट्टीवर बसवला असता, तर पैसे गेले असते आणि दुखणे राहिले असते. आधी वाट साफ करायची, मग नवे सामान."

आणि ती सात मुले? ती परीक्षेला वेळेच्या अर्धा तास आधी पोचली. जीप केंद्राजवळ सपाट जागेवर उभी होती आणि पेपर सुटल्यावर कोणालाही धक्का मारावा लागला नाही.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. घरात सेलवर चालणारी, मंद पडलेली जुनी टॉर्च असेल तर घ्या. नवे सेल आणायला पैसे मागण्याआधी ती उघडा. सेल काढून आतली स्प्रिंग, झाकणाची पत्र्याची पट्टी आणि सेलची दोन्ही टोके पॉलिश पेपरच्या तुकड्याने हलकेच घासा. फडक्याने पुसून सेल परत बसवा. उजेड वाढला का? वाढला नसेल तर मग खुशाल नवे सेल आणा. सेल फुगलेला किंवा ओला दिसला तर मात्र त्याला हात लावू नका, मोठ्यांना दाखवा. गाडीच्या बॅटरीजवळही एकट्याने जायचे नाही. तिच्यात जळजळीत ॲसिड असते आणि तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

टॉर्च आधी कशी होती, काय केले आणि नंतर काय झाले, एवढ्या तीन ओळी वहीत लिहा. आणि उद्या सकाळी रस्त्यात एखादी गाडी कण्हताना ऐकू आली, तर मनातल्या मनात विचारा, 'निघाले किती, पोचले किती, आणि मधले कुठे गेले?'